वाचकांचे प्रश्न : ईस्टरची पहाट आणि समुद्रकिनारा

या वर्षीचा ईस्टर ५ एप्रिलला झाला आणि त्यानंतरच्या पंधरवड्यात या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची निघाली. एरवी एका अंकात निरनिराळ्या विषयांची सरमिसळ असते. या खेपेस सगळी जागा याच विषयाला दिली आहे. पत्रे थोडी आटोपशीर करून छापली आहेत.

प्रश्न : आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातील एका किनारी गावात राहतो. ५ एप्रिलला पहाटे सहाच्या सुमारास नेहमीप्रमाणे पुळणीवर फिरायला गेलो असता पंचवीस-तीस माणसे सतरंज्या अंथरून बसलेली दिसली. दोन कंदील होते, टाळ वाजत होते आणि मराठीत गाणी चालली होती. आश्चर्य म्हणजे ती सगळी समुद्राकडे पाठ करून बसली होती. ईस्टरची उपासना आहे, एवढेच चौकशीअंती कळले. चर्च सोडून वाळूवर का, आणि समुद्रकाठी येऊन समुद्राकडेच पाठ का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी. कोकणात समुद्र पश्चिमेला आहे आणि सूर्य उगवतो सह्याद्रीच्या बाजूने. ईस्टरची पहाटेची उपासना उगवतीकडे तोंड करून करायची म्हटले, की कोकणच्या माणसाची पाठ आपोआप समुद्राकडे होते. शिवाय पंचांगातले साडेसहाचे सूर्योदयाचे बिंब टेकडीआडून वर यायला आणखी वेळ लागतो, तोवर माडांचे शेंडे उजळलेले असतात आणि वाळू मात्र सावलीत असते. आपण मागे वळून पाहिले असते, तर त्या दिवशी वद्य तृतीयेचा चंद्र पश्चिमेला समुद्रावर दिसला असता. यात योगायोग नाही. ईस्टर हा वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेनंतर येणारा रविवार असल्यामुळे त्या पहाटे चंद्र नेहमीच वद्य पक्षातला, पहिल्या आठवड्याभरातला असतो. म्हणजे सूर्य डोंगराकडून येत असताना चंद्र अजून आकाशात असतो.

आता वाळू का, हा प्रश्न. चारही शुभवर्तमाने, म्हणजे बायबलमधील येशूचे चार चरित्रवृत्तांत, त्याच्या पुनरुत्थानाची गोष्ट आठवड्याच्या पहिल्या दिवसाच्या पहाटेपासून सुरू करतात, पण वेळेच्या बाबतीत त्यांच्यात लहानसा आणि फार अर्थपूर्ण फरक आहे. मार्कच्या वृत्तांतात स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघतात तेव्हा सूर्य उगवलेला आहे. योहानाच्या वृत्तांतात मग्दालीया मरिया निघते तेव्हा अजून अंधार आहे. पहाटेच्या उपासनेचा सगळा जीव या दोन वाक्यांच्या मधल्या वेळात आहे, आणि म्हणूनच ती अंधारात सुरू होते व उजेडात संपते. मात्र ती कबर जेरुसलेमजवळची, समुद्रापासून बरीच दूर. किनारा येतो तो योहानाच्या शेवटच्या, एकविसाव्या अध्यायात. येशूचा शिष्य शिमोन पेत्र आणि त्याचे सोबती गालीलच्या समुद्रात रात्रभर जाळे टाकतात आणि हाती काही लागत नाही. उजाडताना किनाऱ्यावर कोणीतरी उभा दिसतो, तो उजव्या बाजूला जाळे टाका म्हणून सांगतो, जाळ्यात एकशे त्रेपन्न मोठे मासे येतात, आणि माणसे काठावर येतात तेव्हा तेथे कोळशाचा विस्तव, त्यावर मासळी आणि भाकर तयार असते. तो उठलेला येशूच असतो, आणि तो त्यांना न्याहारीला बोलावतो. समुद्रकाठची ईस्टर उपासना या दोन पहाटा एकत्र बांधते : कबरेपाशी गेलेल्या बायकांची आणि किनाऱ्यावर परतलेल्या कोळ्यांची. दुसरी पहाट कोकणातल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही.

उघड्यावरच्या या उपासनेची जी पहिली नोंद सापडते, तिचा मात्र समुद्राशी संबंध नाही. ती जर्मनीतील सॅक्सनी प्रांतातल्या हेर्नहूट या गावची, १७३२ सालची. मोराव्हियातून धर्मछळामुळे निघालेल्या निर्वासितांनी १७२२ मध्ये काउंट त्सिन्त्सेनडॉर्फ याच्या जमिनीवर हे गाव वसवले होते. दहा वर्षांनी ईस्टरच्या पहाटे तेथील अविवाहित तरुणांचा एक गट गावाबाहेरच्या टेकडीवरील दफनभूमीत गेला आणि उजाडेपर्यंत गात राहिला. पुढच्या वर्षापासून सगळी मंडळी जाऊ लागली, आणि मोराव्हियन मिशनरी जगभर गेले तसा हा पायंडाही त्यांच्याबरोबर गेला. उत्तर अमेरिकेत सेलम गावी १७७२ मध्ये तो सुरू झाला. अमेरिकेतील इतर पंथांनी तो उचलला तो बराच नंतर. कॅलिफोर्नियात रिव्हरसाइड येथील माउंट रुबिडू या डोंगरावर १९०९ मध्ये आणि लॉस एंजेलिसच्या हॉलिवूड बोल या खुल्या प्रेक्षागारात १९२१ मध्ये मोठ्या सार्वजनिक उपासना सुरू झाल्या. दफनभूमी, डोंगर, मैदान, शेवटी किनारा असा हा प्रवास आहे. आपल्या गावच्या मंडळीने त्यात टाळ घातला, हे मला विशेष आवडले.

प्रश्न : आमचा मुलगा अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातील विल्मिंग्टनजवळ राहतो. पुढच्या मार्चमध्ये आम्ही दोघे तेथे असू. शेजारच्या कुटुंबाने त्यांच्या लहानशा चर्चच्या किनाऱ्यावरील ईस्टर उपासनेला आम्हाला आताच बोलावून ठेवले आहे. आम्ही हिंदू आहोत. जावे का? गेलो तर काय पाळावे? — पुणे

उत्तर : अवश्य जावे. ही उपासना ठेवणाऱ्यांनी ती मुद्दाम चार भिंतींबाहेर आणलेली असते, त्यामुळे पाहुण्याला तेथे परके वाटण्याची शक्यता चर्चच्या बाकापेक्षा कमीच. पुढच्या वर्षी ईस्टर २८ मार्चला आहे. त्या दिवशी विल्मिंग्टनला सूर्योदय सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या सुमारास होईल, कारण तेथे मार्चच्या मध्यापासून घड्याळे तासभर पुढे केलेली असतात. शेजाऱ्यांनी सहा-सव्वासहाला निघू म्हटले, तर ते उगाच घाई करीत आहेत असे समजू नये.

तेथे अटलांटिक पूर्वेला असल्याने बिंब थेट पाण्यातून वर येताना दिसेल. कोकण पाहिलेल्या माणसाला समुद्रात सूर्य बुडताना पाहण्याची सवय असते; उगवताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे. मात्र मार्चअखेरीस त्या किनाऱ्यावर पहाटे चांगला गारठा आणि वारा असतो. कानटोपी, जाड शाल आणि घडीची खुर्ची यांना पर्याय नाही. नवे कपडे घालून आलेल्या मुलांच्या अंगावरही पांघरूण दिसेल. पादत्राणे काढण्याचा नियम नाही. कोणी अनवाणी दिसले, तर ते वाळूमुळे.

उपासना सहसा अर्ध्या-पाऊण तासात आटोपते. सुरुवातीला पाळक मोठ्याने म्हणतील की ख्रिस्त उठला आहे, आणि सगळे एका आवाजात उत्तर देतील की तो खरोखर उठला आहे. ते उत्तर म्हणजे विश्वासाची कबुली असल्याने पाहुण्याने ते म्हणावे अशी अपेक्षा नसते, तसेच गप्प उभे राहण्यात अनादरही नसतो. गाणी, शास्त्रवाचन, लहानसे प्रवचन आणि प्रार्थना असा क्रम बहुधा असतो. काही मंडळ्या वाळूवरच प्रभुभोजन घेतात. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्याकडे देवळात प्रसाद नाकारणे उद्धटपणाचे समजले जाते. प्रभुभोजनाची गोष्ट वेगळी आहे. ती भाकर आणि तो द्राक्षरस बाप्तिस्मा घेतलेल्यांसाठी असतो, किंवा काही चर्चमध्ये विश्वास ठेवणाऱ्या सर्वांसाठी. ताट आपल्यापर्यंत आले तर नम्रपणे पुढे द्यावे. कोणीही वळून पाहणार नाही. दानपात्र फिरलेच तर त्यात काही टाकणे ऐच्छिक असते.

खरा पाहुणचार नंतर असतो. न्याहारीसाठी प्रत्येक घरून काही ना काही आणलेले असते, आणि तेथे रिकाम्या हाताने जाऊ नये. फळे न्यावीत. किंवा डबाभर साजूक तुपातला शिरा न्यावा, तो गार झाला तरी चालतो आणि काय आहे हे सांगण्यावरून ओळखी वाढतात.

आपण तेथे महिनाभर असाल, तर त्याच राज्यात किनाऱ्यापासून बरेच आत असलेले विन्स्टन-सेलम जरूर पाहावे. वर उल्लेखिलेले सेलम ते हेच. तेथील मोराव्हियन दफनभूमीत सगळ्या शिळा एकाच मापाच्या आणि जमिनीवर आडव्या ठेवलेल्या आहेत, आणि मृतांना घराण्यावार न पुरता पुरुष, स्त्रिया, विवाहित, लहान मुले अशा गटांनी पुरले जाते. धनिकाची कबर ओळखू येत नाही. ईस्टरच्या आधीच्या रात्री पितळी वाद्यांची पथके रस्त्यांवरून वाजवत गावाला जागे करतात. २८ मार्चला तेथेही जाता आले असते. पण शेजाऱ्यांच्या तीस माणसांच्या उपासनेचे आमंत्रण मोडून हजारोंच्या गर्दीत जावे, असे मी सुचवणार नाही.

प्रश्न : आमच्या वसईकडे शनिवारी रात्री जागरणविधी आणि मिस्सा होते आणि तोच आमचा ईस्टर. रविवारी पहाटे किनाऱ्यावर जमणारे प्रोटेस्टंट लोक रात्रीचा विधी का करीत नाहीत? दोहोंत मूळचा प्रकार कोणता? — वसई

उत्तर : जागरण जुने आहे, पहाटेची स्वतंत्र उपासना नवी आहे, पण दोन्ही एकाच रात्रीच्या दोन टोकांना उभ्या आहेत. कॅथलिक नियमानुसार पास्काचे, म्हणजे ईस्टरचे, जागरण अंधार पडल्यावर सुरू व्हावे आणि रविवारच्या उजेडाआधी संपावे लागते. आजची पिढी हे स्वाभाविक समजते, पण मधली कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळीच उरकला जात असे आणि भर उन्हात नव्या अग्नीची व पास्काच्या मेणबत्तीची स्तुती केली जाई. पोप पायस बारावे यांनी १९५१ मध्ये प्रयोग म्हणून आणि १९५५ च्या सुधारणेने कायमचे तो रात्रीकडे परत नेला. प्रोटेस्टंट पंथांपैकी बहुतेकांनी सोळाव्या शतकापासून हा विधी सोडला होता. तेव्हा रात्र हातची गेलेल्या मंडळ्यांनी पहाट धरली, असे म्हणता येईल. फिलिपिन्समध्ये तर कॅथलिक लोकही जागरणाखेरीज पहाटे बाहेर पडतात : पुनरुत्थित येशूची मूर्ती आणि शोकवस्त्रातील मरियेची मूर्ती दोन वेगळ्या रस्त्यांनी निघतात आणि उजाडताना एकमेकींना भेटतात. पंढरपूरच्या वाटेवर पालख्यांची भेट पाहिलेल्याला तो क्षण परका वाटू नये.

प्रश्न : उगवत्या सूर्याकडे तोंड करून प्रार्थना करणे ही सूर्योपासनाच नव्हे काय? ईस्टर हे नावही एका देवतेचे आहे असे वाचले. — नागपूर

उत्तर : हा आक्षेप अठराशे वर्षे जुना आहे. कार्थेजचा लॅटिन लेखक तेर्तुलियन याने इ. स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या बचावपत्रात, ख्रिस्ती लोक पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात म्हणून त्यांना सूर्यपूजक म्हटले जाते, याची दखल घेऊन उत्तर दिले आहे. पूर्वेकडे तोंड करणे ही वाट पाहण्याची दिशा आहे, बिंबाला अर्घ्य देण्याची नव्हे. शुभवर्तमानातील स्त्रियांचे लक्ष तरी सूर्याकडे कुठे होते? कबरेच्या तोंडावरचा धोंडा कोण सरकवील, या काळजीत त्या चालल्या होत्या.

याहून जुना पुरावा एका परक्या अधिकाऱ्याचा आहे. काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पाँतस प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रॅजनला कळवले, की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने गीत म्हणतात. त्याला तो संशयास्पद प्रकार वाटला होता. आपल्याला मात्र त्यात आजच्या पुळणीवरच्या मंडळीचे चित्र दिसते.

नावाविषयी : आठव्या शतकात बीड या इंग्लिश संन्याशाने एऑस्त्रे नावाच्या देवतेवरून महिन्याला व त्यावरून सणाला नाव पडले असे लिहिले आहे. त्या देवतेविषयी इतरत्र जवळजवळ काहीच सापडत नाही. इंग्रजी आणि जर्मन सोडल्यास युरोपातील अनेक भाषांतले नाव हिब्रू ‘पेसाख’वरून, म्हणजे यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून आले आहे, वसईत रूढ असलेला ‘पास्का’ हा शब्दही तोच.

प्रश्न : आम्ही रायगड जिल्ह्यातील तीस कुटुंबांची मंडळी आहोत. चर्चची इमारत लहान असल्याने २०२७ च्या ईस्टरला किनाऱ्यावर पहाटेची उपासना ठेवण्याचा विचार आहे. वेळ, भरती, परवानगी, ध्वनिक्षेपक यांबाबत मार्गदर्शन करावे. — मंडळीचे सचिव

उत्तर : २८ मार्च २०२७ रोजी आपल्या किनाऱ्यावर सूर्योदय ६ वाजून ३५ मिनिटांच्या आसपास आहे. लोकांना साडेपाचपर्यंत बोलवावे आणि पहिले गीत पावणेसहाला अंधारातच सुरू करावे. अनेक ठिकाणी लोक जमेपर्यंत उजाडून जाते आणि मग सगळ्या वाचनांतला अंधार नुसता कागदावर राहतो. योहानाचा विसावा अध्याय कंदिलावर वाचावा आणि एकविसावा कंदील विझवून, हे मी आग्रहाने सांगेन.

भरतीची चिंता वाटते तेवढी करण्याचे कारण नाही, आणि याचेही कारण पंचांगात आहे. तिथीला पाऊणपट केले की भरतीची अंदाजे वेळ येते, हा हिशेब आपल्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांना पाठ असतो. ईस्टर वद्य पक्षाच्या पहिल्या आठवड्यात पडतो. तो प्रतिपदा ते तृतीया असा लवकर पडला, तर उधाण असते खरे, पण भरती मध्यरात्रीनंतर दोन-अडीचपर्यंत होऊन गेलेली असते आणि पहाटे पाणी ओहोटीने दूर गेलेले असते. या वर्षी नेमके तसे झाले. तो षष्ठी-सप्तमीकडे सरकला, तर पहाटे पाणी तुलनेने जवळ असते, पण तोवर भांग, म्हणजे कमी जोराच्या भरतीचा काळ, लागत आलेला असल्याने ते फार वर चढत नाही. पुढच्या वर्षी होळी पौर्णिमा २२ मार्चला असून ईस्टरला पंचमी-षष्ठीचा सुमार असेल. म्हणजे भरती पहाटे पावणेचार ते साडेचारच्या दरम्यान होऊन आपण बसाल तेव्हा पाणी उतरत असेल. तरीही आदल्या पहाटे एका जाणत्या कोळी बांधवाला घेऊन जागा पाहून यावी. खाडीच्या तोंडाजवळची वाळू टाळावी, आणि ओल्या वाळूवर बैठक घालू नये. म्हाताऱ्यांचे गुडघे ती विसरत नाहीत.

ध्वनिक्षेपकाचा प्रश्न कायद्यानेच सोडवला आहे. ध्वनिप्रदूषणविषयक २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सहानंतर परवानगी काढून लावता येईल, पण साठ-सत्तर माणसांसाठी तो कशाला? वाचणाऱ्याने वाऱ्याकडे पाठ करून, म्हणजे शब्द वाऱ्याबरोबर लोकांकडे जातील अशा बाजूला उभे राहावे. पहाटे वारा सहसा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे पूर्वेकडे उभा असलेला वाचक पुळणीवर बसलेल्यांना चांगला ऐकू येतो. मी एकदा अशाच एका उपासनेत गीतांच्या सुट्या प्रती वाटण्याची चूक केली होती. तिसऱ्या कडव्याला निम्म्या प्रती लाटांकडे निघाल्या आणि मुले त्यांच्यामागे. तेव्हापासून पाठ असलेलीच गीते निवडतो. ‘उपासना संगीत’मधील पुनरुत्थानाची गीते बहुतेक घरांत तोंडपाठ असतात, नारायण वामन टिळकांच्या रचना तर टाळ-ढोलकीवर छान चालतात, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावी जन्मलेल्या या कवीची गीते कोकणच्या किनाऱ्यावर म्हटली जावीत हे योग्यच आहे.

ग्रामपंचायत आणि पोलीस ठाणे यांना किमान पंधरा दिवस आधी लेखी कळवून पोच घ्यावी. अर्जात वेळ, अंदाजे संख्या, ध्वनिक्षेपक नाही आणि कचरा परत नेला जाईल, एवढे स्पष्ट लिहावे. शेजारच्या वस्तीला आणि किनाऱ्यावर होड्या ओढणाऱ्यांना तोंडी सांगावे. अर्जापेक्षा त्याचा उपयोग अधिक होतो. त्यांची होडी लागण्याची जागा अडवू नये.

एक गोष्ट आपण विचारली नाही, पण ती सांगणे आवश्यक आहे. रायगड आणि रत्नागिरीच्या काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासविणी हिवाळ्यात अंडी घालतात आणि पिल्ले साधारण दीड-दोन महिन्यांनी बाहेर येतात. मार्च-एप्रिल हा त्यांच्या बाहेर पडण्याचाच काळ आहे. वाळूतून निघालेले पिल्लू उजळ क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावते. जमिनीच्या बाजूला प्रखर दिवा असला, की ते उलट दिशेने भरकटते. वन्यजीव संरक्षण कायद्यात या कासवाला सर्वोच्च संरक्षण आहे. आपल्या किनाऱ्यावर घरटी आहेत का, याची चौकशी वनविभागाच्या स्थानिक कर्मचाऱ्यांकडे करावी. असल्यास जागा बदलावी. नसल्यासही हॅलोजन व मोबाइलच्या विजेऱ्या टाळून जमिनीलगत ठेवलेल्या दोन-चार कंदिलांवर भागवावे. खांब रोवणे, मंडप घालणे, वाळू सपाट करणे यांपैकी काहीही करू नये.

याच कारणाने योहानातला कोळशाचा विस्तव वाळूवर पेटवण्याचा मोहही आवरावा. न्याहारीसाठी मासे घरूनच तळून आणावेत, भाकऱ्या फडक्यात गुंडाळून आणाव्यात आणि चहा थर्मासमध्ये. त्या वेळेला समुद्रावरून परत येणारी एखादी होडी काठाला लागत असेल, तर तिच्यावरच्या खलाशांना आधी वाढावे.